वेफर्सचं पाकीट परत न्यायला कोणी का येत नाही?

भांडुपच्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलं आहे: "आमच्याकडे १४० घरं आहेत. ओला-सुका वेगळा करतो. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो. पण वेफर्स-बिस्किटांची पाकिटं, चटणी-सॉसच्या पुड्या आणि पार्सलचे काळे डबे कोणीच नेत नाही. जिन्याखाली गोण्या साठल्यात. कंपन्यांनीच आपलं पॅकिंग परत घ्यायचं असा कायदा आहे ना? मग न्यायला कोणी येत का नाही? आणि आम्ही ही पाकिटं वेगळी ठेवणं बंद करावं का?"

कायदा आहे. कंपन्यांवर जबाबदारी टाकलेली आहे आणि बऱ्याच कंपन्यांच्या खात्यात ती पूर्ण झाल्याची नोंदही असते. मात्र ती मोजली जाते टनांत, देशभरातल्या एकूण वजनावर. तुमच्या जिन्याखालची गोणी त्या हिशेबात कुठेच येत नाही. ती गोणी उचलली जाईल की नाही, हे आजही भंगारच्या दुकानातला काटा आणि त्या दिवसाचा भाव ठरवतो. धोरणातून फिरणारा पैसा त्या काट्यापर्यंत पोहोचत नाही. मुंबईत सुक्या कचऱ्याच्या केंद्रांवर, कचरावेचक बायकांच्या गटांबरोबर आणि पुढे कंपन्यांच्या याच पूर्ततेच्या कामात मी बराच काळ घालवला आहे. सगळी गोम मला तिथेच दिसते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्राचे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. त्यांत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे सगळे ज्याला ईपीआर म्हणतात त्याची, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं जोडली गेली. पॅकिंगचे चार प्रकार केले. पहिला कडक प्लास्टिकचा: बाटल्या, बरण्या, डबे. दुसरा लवचिक प्लास्टिकचा: पिशव्या, पाऊच, पुड्या. तिसऱ्यात प्लास्टिकच्या थरासोबत कागद किंवा ॲल्युमिनियमसारखा वेगळा थर असलेलं पॅकिंग, आणि चौथ्यात कंपोस्ट होणारं प्लास्टिक. बाजारात जितकं प्लास्टिक आणलं त्याच्या २५ टक्क्यांची जबाबदारी २०२१-२२ साठी होती, पुढच्या वर्षी ७०, आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्के. त्यातलं किमान किती प्रत्यक्ष रिसायकल व्हायलाच हवं हेही ठरवलं: २०२४-२५ मध्ये कडक प्लास्टिकसाठी ५० टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारासाठी ३० टक्के. २०२७-२८ पर्यंत हे आकडे ८० आणि ६० टक्क्यांवर जायचे आहेत. ज्याचं रिसायकलिंग होऊच शकत नाही, ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून, डांबरी रस्त्यात किंवा वीज-तेल बनवण्यासाठी वापरलं तरी चालतं.

हे सगळं घडलं की नाही, याचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. रिसायकलर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करतो, मालाची बिलं चढवतो, त्यावर त्याला प्रमाणपत्रं मिळतात आणि कंपनी ती विकत घेते. कंपनीने दहा हजार टन पाउच बाजारात आणले असतील, तर तेवढ्या वजनाची त्याच प्रकारातली प्रमाणपत्रं जमा केली की तिचं काम झालं. ते प्लास्टिक भांडुपमधून आलं की आणखी कुठल्या शहरातून, त्यावर कोणाचं नाव छापलेलं होतं, हे बघितलं जात नाही.

आता "त्याच प्रकारातली" या दोन शब्दांत काय दडलंय ते बघा. दुसऱ्या प्रकारात दुधाची पिशवी येते, जी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि जी वितळवून नव्या मालासाठी दाणा सहज बनतो. आणि वेगवेगळ्या जातींच्या प्लास्टिकचे थर चिकटवलेलं पाकीटही त्याच प्रकारात येतं, ज्याचे थर सुटे करणं व्यवहारात परवडत नाही. दोन्हींचं वजन एकाच काट्यावर चढतं. मग रिसायकलर काय गोळा करेल? अर्थातच सोपं ते. किमान रिसायकलिंगची अट सोप्या मालावर भागते, आणि अवघड पाकीट, ज्याच्यासाठी हा कायदा मुळात हवा होता, ते तुमच्या जिन्याखाली राहतं. या वर्गवारीची दुरुस्ती व्हायला हवी असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आलो आहे आणि इथेही म्हणतो: रिसायकल होणारं आणि न होणारं पॅकिंग एका रकान्यात मोजू नका.

बनावट प्रमाणपत्रांचा विषय टाळून चालणार नाही. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळानेच केलेल्या तपासणीत काही रिसायकलरांनी लाखोंच्या संख्येने खोटी प्रमाणपत्रं तयार केल्याचं उघड झालं. ती ज्या राज्यांत सापडली त्यांत महाराष्ट्रही होता. त्यानंतर पोर्टलची सुरक्षा आणि तपासण्या वाढल्या. पण ज्या व्यवस्थेत प्रत्यक्ष मालापेक्षा त्याचा कागद विकला जातो, तिथे कारखान्याच्या दारातला काटा कोणीतरी जाऊन बघत राहावाच लागतो.

आता काट्याकडे येऊ. मुंबईतली साखळी अशी चालते: कचरावेचक बाई किंवा सोसायटीचा सफाई कामगार, मग नाक्यावरचा भंगारवाला, मग मोठा गोडाऊनवाला, आणि शेवटी धारावीतलं तेरा कंपाउंड, वसई, भिवंडी किंवा त्याहून पुढे गुजरातच्या बाजूचा कारखाना. तेरा कंपाउंडमधले कारागीर प्लास्टिक वाकवून, त्याचा आवाज ऐकून, गरज पडली तर कोपरा जाळून वास घेऊन जात ओळखतात. हे कसब कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं जात नाही, आणि या शहराचं रिसायकलिंग त्याच्यावर उभं आहे. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर थोडा नफा सुटला तरच माल पुढे सरकतो.

एक लिटरची पाण्याची बाटली साधारण २० ते २५ ग्रॅमची असते. ४०-५० बाटल्या वेचल्या की किलो भरतो आणि त्याला भाव आहे, कारण तिच्या प्लास्टिकपासून, म्हणजे पेटपासून, पॉलिस्टरचा धागा निघतो. ॲल्युमिनियमच्या कॅनला त्याहून कितीतरी चांगला भाव, म्हणून मुंबईच्या रस्त्यावर रिकामा कॅन फार वेळ पडून राहत नाही. आणि वेफर्सचं छोटं पाकीट? काही ग्रॅमचंच. किलो भरायला शेकडो पाकिटं वाकून उचलायची, आत मीठ-तेल लागलेलं, आणि दुकानदार म्हणणार, "हे नको, दुसरं काय आहे?" त्या बाईने ते का उचलावं? तिला दिवसभरात जेवढं पाठीवर पेलतं त्यात तिने बाटलीच घेतली पाहिजे. ती चुकत नाहीये.

कारखानदाराचं म्हणणंही ऐका. त्या पाकिटात छपाईचा एक थर, हवा-ओलावा रोखणारा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला दुसरा, आणि सील होण्यासाठी आतून तिसरा असतो. वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात ते यामुळेच. हे एकत्र वितळवलं तर हलक्या प्रतीचा, काळपट माल मिळतो. म्हणून बहुतेक पाकिटं शेवटी भट्टीकडे पाठवावी लागतात. महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूरच्या पट्ट्यात आहेत, मुंबईपासून रस्त्याने आठशे किलोमीटरहून लांब. गासड्या बांधायच्या, ट्रक भरायचा, भाडं द्यायचं. हा खर्च माल विकून निघत नाही. कोणाला तरी तो खिशातून भरावा लागतो, आणि कायद्याने तो कंपनीने भरायचा आहे. ती तो मध्यस्थ संस्थेमार्फत, म्हणजे पीआरओमार्फत भरते. पण पैसे ट्रकच्या भाड्याचे आणि प्रमाणपत्राचे असतात. पाकीट पहिल्यांदा ज्या हाताने उचललं, त्या हातात त्यातलं जवळपास काहीच पडत नाही.

त्यात करांची भर. ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे जीएसटी क्रमांक नसतो, तो पक्कं बिल देऊ शकत नाही. प्रमाणपत्राला पक्कं बिल लागतं. म्हणजे खरा माल गोळा करणारा माणूस हिशेबाच्या बाहेर आणि कागद जमवू शकणारा आत. हा कर कमी केला तर धोरणाला बळ मिळेल, असं या धंद्यातला जवळपास प्रत्येक प्रामाणिक माणूस सांगेल.

पैसा थेट वस्तूला जोडला की काय होतं, ते मात्र आपल्या घरात दिसतं. २० लिटरचा पाण्याचा जार घ्या. आपण अनामत भरतो, रिकामा जार देतो, भरलेला घेतो. नाल्यात तरंगणारा जार तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? जुन्या मुंबईकरांना आरेच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील: रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यातल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी आणल्यावर परत देण्याची पद्धत सुरू झाली, आणि बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परतीच्या योजनेची अधिसूचना काढली.

महाराष्ट्राने हे या दोघांच्याही आधी लिहून ठेवलं होतं, ही गोष्ट लोक विसरलेत. २३ मार्च २०१८ ची आपली प्लास्टिकबंदीची अधिसूचना बहुतेकांना कॅरीबॅग आणि थर्माकोलसाठी लक्षात आहे. पण तिच्यात पेट बाटल्यांसाठी रुपया-दोन रुपयांची आणि दुधाच्या पिशवीसाठी ५० पैशांची परतीची किंमत छापायची तरतूद होती. कल्पना अगदी बरोबर होती. पुढे दुरुस्त्या झाल्या, उद्योगांनी मुदत मागितली, दुकानदारांनी विचारलं की रिकाम्या पिशव्या ठेवायच्या कुठे आणि पैसे आधी कोणी द्यायचे. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितलं की राज्यात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात, म्हणजे ३१ टन प्लास्टिक, आणि ५० पैशांची योजना लागू होईल. ती आपल्या दारापर्यंत कधी आलीच नाही.

का आली नाही, यावर माझं मत ठाम आहे. ५० पैशांसाठी घरातलं माणूस पिशवी धुऊन, वाळवून दुकानात नेत नाही, आणि सुट्टे पैसे परत करण्याची कटकट दुकानदाराला नको असते. अनामत गिऱ्हाइकाला जाणवेल इतकी हवी. परत घेण्याची जागा दूध-किराणा दुकानाच्या आत असण्यापेक्षा वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर आणि भंगारवाल्याकडे हवी. आणि त्याला प्रत्येक नगामागे हाताळणीचा मोबदला मिळायला हवा. असं झालं तर ज्याने बाटली टाकली त्याने ती परत नेली नाही तरी कचरावेचक बाई नेईल, आणि अनामत तिच्या पदरात पडेल. मला या योजनेत सर्वांत जास्त तेच हवं आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी कचरावेचक बायकांचे गट बांधून, त्यांना ओळखपत्रं देऊन वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यामुळे हे करायचं कोणाबरोबर, हा प्रश्नच उरत नाही.

धोरणाचा एक भाग चांगला चालताना दिसतोय, तोही सांगतो. कडक प्लास्टिकच्या नव्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून किमान ३० टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक वापरायची अट आहे, २०२८-२९ पर्यंत ती ६० टक्के होईल. पूर्वी अन्नाला लागणाऱ्या पॅकिंगमध्ये असं प्लास्टिक वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई होती. नंतर पेटसाठी कसोट्या ठरवून ते दार उघडलं. त्यामुळे स्वच्छ, बिनरंगी बाटलीला आता धाग्याच्या कारखान्याशिवाय दुसरा गिऱ्हाईकही मिळालाय. तसंच १ जुलै २०२२ च्या एकल वापराच्या बंदीनंतर ज्यूसच्या छोट्या खोक्यांवरची प्लास्टिकची नळी जाऊन कागदी आली. मोजक्या मोठ्या कंपन्यांना नेमकी वस्तू आणि नेमकी तारीख सांगितली की बदल होतो. काच, धातू आणि कागदाच्या पॅकिंगसाठी केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांचा मसुदा काढला होता. तिथेही वर्गवारीची तीच चूक होऊ नये एवढंच म्हणतो.

"कंपोस्टेबल" म्हणून मिळणाऱ्या पारदर्शक ग्लासांना मात्र भुलू नका. ते सोसायटीच्या खतखड्ड्यात सहसा कुजत नाहीत, त्यांना औद्योगिक कंपोस्टिंगची उष्णता लागते. आणि दिसायला पेटसारखे असल्याने बाटल्यांत मिसळले तर ते लॉटच्या लॉट खराब करतात.

आता तुमच्या सोसायटीने काय करायचं. वेगळं ठेवणं बंद करू नका, पण साठवायची पद्धत बदला. पाकिटं आणि पुड्या दुधाच्या पिशव्यांत अजिबात मिसळू देऊ नका. मिसळल्या की पिशव्यांचा भावही जातो. पाकिटं धुवायची गरज नाही, उलटी करून झटकली आणि कोरडी ठेवली की पुरे. काळे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. बुडाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर भांडी घासून झालेल्या पाण्यात विसळून वेगळ्या गोणीत ठेवा. रंगामुळे भाव कमी, पण स्वच्छ माल घेणारे आहेत. तेलकट मालाला मात्र कोणी हात लावत नाही. बाटल्या दाबून चपट्या करा, झाकण राहू द्या. कारखान्यात चुरा पाण्यात टाकला की पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, ते आपोआप वेगळं होतं. गुटख्याची पिचकारी मारलेली बाटली तेवढी बाजूला काढा.

पाकिटांच्या दोन-चार गोण्यांसाठी गाडी येणार नाही, कारण डिझेलही सुटत नाही. आजूबाजूच्या आठ-दहा सोसायट्या एकत्र या, एक बंद कोपरा ठरवा, आणि महिन्याला दोन-तीनशे किलो जमेल असं बघा. मग पालिकेच्या एस वॉर्डच्या घनकचरा खात्याला लेखी अर्ज द्या की हा माल सुक्या कचऱ्याच्या केंद्रात घेऊन पुढे भट्टीकडे पाठवला जावा. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला विचारा की तिचा कुठल्या पीआरओशी करार आहे. प्रत्येक वेळी वजनाची पावती घ्या. ती पावती तुमच्या पुढच्या पत्रव्यवहाराचा कणा असेल.

पत्रव्यवहार कंपनीशीही करायचा आहे. पाकिटावर किंवा त्याच्या क्यूआर कोडमध्ये उत्पादकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक देणं बंधनकारक आहे; कोडमधून माहिती देण्याची मुभा १ जुलै २०२५ पासून आहे. तुमच्या गोणीत सर्वांत जास्त ज्या तीन-चार ब्रँडची पाकिटं निघतात त्यांची यादी करा आणि त्यांच्या ग्राहक सेवेला वजनाच्या पावतीसह लिहा: आमच्याकडे तुमचं इतकं किलो पॅकिंग जमलं आहे, भांडुपमध्ये ते कोण घेईल आणि गोळा करणाऱ्याला किलोमागे किती देईल? प्रत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. एका सोसायटीच्या पत्राला ठराविक उत्तर येतं. दहा सोसायट्यांनी पावत्या जोडून लिहिलं तेव्हा पीआरओची माणसं स्वतः येऊन गोण्या बघून गेल्याचं मी पाहिलं आहे.

आणि बाटल्या-पुठ्ठ्याच्या विक्रीतून येणारे पैसे सध्या सोसायटीच्या खात्यात जात असतील, तर ते तुमच्या सफाई कामगारांना द्यायला सुरुवात करा, त्यातला एक ठरलेला भाग पाकिटं वेगळी करण्यासाठी म्हणून. सरकार किलोमागे जो पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचवत नाही, तो तुमच्या इमारतीत तुम्ही आजपासून पोहोचवू शकता. पुढच्या महिन्यात गोण्यांचं वजन करून बघा आणि कळवा.